फॉर्म म्हणतो मेल गेला, मामा म्हणतात आला नाही

तासगाव रोडला माझ्या मामांचं कोल्ड स्टोरेज आहे, बेदाण्याचं. एकट्याचं नाही, तिघं पार्टनर आहेत, पण रोज तिथं जाऊन बसणारे मामाच. फेब्रुवारी लागला की शेडवर, जिथं द्राक्षं सुकवतात तिथं, माल तयार व्हायला लागतो आणि मग एप्रिल संपेपर्यंत मामांचा फोन कानालाच चिकटलेला असतो, कारण प्रत्येकाचं एकच, जागा आहे का, किती पेट्या बसतील, कधी आणू. त्यात परत भांडणं, मी आधी सांगितलं होतं, त्याचा माल आधी कसा घेतला. म्हणून एका पार्टनरच्या डोक्यात आलं की वेबसाईट करू आणि तिच्यावर फॉर्म ठेवू, नाव, गाव, मोबाईल, अंदाजे किती पेट्या, बास. मेल येईल त्यावर तारीख वेळ असते, म्हणजे कोण आधी कोण नंतर हा वादच नको.

"तू करतीस न्हवं ते वेबसाईटचं? मग आमचं बी एक करून दे की," मामा म्हणाले. मी सांगलीत विश्रामबागला घरूनच डीटीपी आणि छोट्या वेबसाईट करते, डॉक्टर, साड्यांची दुकानं, एखादा क्लास. चारपाच पानं, फोटो, खाली फोन नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. फॉर्म कधी केला नव्हता. म्हणजे दिसायला केला होता, पण सबमिट दाबल्यावर पुढं काय होतं त्या भानगडीत कधी पडलेच नव्हते. मला वाटलं एक दिवसाचं काम आहे. दोन आठवडे गेले, आणि त्यानंतर जे झालं ते वेगळंच.

पहिला प्रयत्न सगळेच करतात तो, फॉर्मच्या अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे सबमिट केल्यावर कुठं जायचं ते लिहितात तिथं, मेलटू आणि पुढं पत्ता. माझ्या लॅपटॉपवर सबमिट केलं की मेलचं सॉफ्टवेअर उघडायचं आणि म्हणायचं आधी अकाउंट सेट करा. फोनवर केलं तर कुठल्या अ‍ॅपमध्ये उघडू म्हणून विचारायचं. म्हणजे मेल वेबसाईट पाठवतच नाही, भरणाऱ्या माणसालाच पाठवायला लावते. सावळजचा शेतकरी शेडवर उभा राहून हे करणार? सोडून दिलं.

मग कळलं की एचटीएमएलला, म्हणजे पान मांडायच्या भाषेला, मेल पाठवताच येत नाही, ते काम सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टचं, आणि साध्या होस्टिंगवर (वेबसाईट ठेवायला भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर) तसल्या स्क्रिप्टची भाषा पीएचपी असतंच. पीएचपीत मेल नावाचं फंक्शनच आहे, कुणाला, विषय, मजकूर एवढं द्यायचं की झालं. एवढं सोपं असेल तर म्हटलं चला. फाईल लिहिली, एडिटरमधल्या लाईव्ह सर्व्हरवर फॉर्म उघडला, सबमिट दाबलं तर एरर ४०५. तासभर फॉर्ममध्ये चूक शोधत बसले. चूक फॉर्ममध्ये नव्हतीच, तो लाईव्ह सर्व्हर फक्त पानं दाखवतो, त्याला पीएचपी चालवता येत नाही आणि पोस्टनं आलेली विनंती तो घेतच नाही. म्हणून झॅम्प टाकलं, लॅपटॉपवरच पीएचपी चालवायचं सॉफ्टवेअर. आता स्क्रिप्ट चालली पण पिवळी वॉर्निंग आली, लोकलहोस्टच्या, म्हणजे माझ्याच लॅपटॉपच्या, पोर्ट २५ वरच्या मेलसर्व्हरला जोडता आलं नाही.

इथं मला पहिल्यांदा कळलं की ते मेल फंक्शन स्वतः मेल पाठवत नाही. ते फक्त पत्र नेऊन पोस्टाच्या पेटीत टाकतं. लिनक्सवर ती पेटी म्हणजे सेंडमेल नावाचा प्रोग्रॅम, विंडोजवर पीएचपीच्या सेटिंगच्या आयएनआय फाईलमध्ये जो सर्व्हर लिहिलाय तो. माझ्या लॅपटॉपवर पेटीच नव्हती, मग टाकणार कुठं. झॅम्पमध्ये ते जोडून घेता येतं, पण म्हटलं शेवटी चालवायचं होस्टिंगवर आहे तर तिथंच जाऊ.

होस्टिंगवर टाकलं आणि मेल आला! आला तो असा, नाव कोलन रिकामं, गाव कोलन रिकामं, मोबाईल कोलन रिकामं. मी सगळ्या खोक्यांना आयडी दिले होते आणि नेम दिलंच नव्हतं. फॉर्म जो डेटा पाठवतो तो नेमच्या नावानं पाठवतो, आयडीशी त्याला काही देणंघेणं नाही. आयडी मी स्टाईलसाठी वापरायचे त्यामुळं तीच सवय. पाच मिनिटांचं काम होतं, पण सापडायला रात्र गेली.

आता डेटा येतोय, मेल येतोय, पण स्पॅममध्ये. कधी येतो, कधी येतच नाही. आणि स्क्रिप्ट प्रत्येक वेळी हिरव्या पट्टीत सांगणार, मेल पाठवला आहे. मी कंडिशनच तशी लिहिलेली, मेल फंक्शननं ट्रू दिलं तर हिरवी पट्टी. त्या ट्रूचा अर्थ मला नंतर कळला. पेटीनं पत्र घेतलं एवढाच त्याचा अर्थ. पोचलं का, वाटेत फाडलं का, चुकीच्या दारात टाकलं का, त्याची पीएचपीला काही खबर नसते.

स्पॅमचं कारण मीच होते. फॉर्ममध्ये ईमेलचा एक ऐच्छिक खोका ठेवला होता आणि तिथं जो पत्ता येईल तोच मी फ्रॉममध्ये, पाठवणाऱ्याच्या जागी, घालत होते, म्हणजे मामांनी रिप्लाय दाबला की थेट त्या माणसाला जाईल. हुशारी वाटली होती मला. पण विचार करा, मेल निघतोय आमच्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून आणि वर नाव लिहिलंय दुसऱ्याच्या जीमेलचं. घेणाऱ्या सर्व्हरला ते तोतयासारखंच दिसणार. माझ्या मावसभावानं त्याच्या जुन्या याहूच्या पत्त्यानं टेस्ट केली तर तो मेल स्पॅममध्ये पण नाही, गायबच. याहूनं २०१४ पासूनच जाहीर धोरण ठेवलंय की आमच्या नावानं दुसऱ्या सर्व्हरवरून मेल आला आणि तपासणीत नापास झाला तर घेऊ नका. ह्या धोरणाला डीमार्क म्हणतात. परत आलेला मेल कुठं गेला? होस्टिंगच्या मूळ अकाउंटच्या पेटीत, जी मी आयुष्यात कधी उघडली नव्हती. (ही पेटी लक्षात ठेवा, असलीच एक पेटी पुढं परत येणार आहे.)

उपाय सोपा आहे, फ्रॉम आपल्या डोमेनचाच, म्हणजे वेबसाईटच्याच नावाचा, ठेवायचा आणि भरणाऱ्याचा पत्ता रिप्लाय-टू मध्ये घालायचा. आणि तो पत्ता घालताना आधी तपासायचा, खरंच ईमेल आहे का. कारण त्या खोक्यात कुणी मुद्दाम नवी ओळ घालून खाली बीसीसी आणि शंभर पत्ते लिहिले तर तुमचा फॉर्म दुसऱ्याचा स्पॅम वाटत बसतो आणि बदनामी तुमच्या डोमेनची. हेडर इंजेक्शन म्हणतात त्याला. माझ्या पहिल्या कोडमध्ये हे भोक सताड उघडं होतं.

मग सगळीकडं वाचलं की साधं मेल फंक्शन सोडा, पीएचपीमेलर वापरा. ही २००१ पासून चालत आलेली लायब्ररी आहे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. आमच्या स्वस्त होस्टिंगवर कंपोझर (लायब्ररी आपोआप आणून बसवणारं साधन) वगैरे नव्हता, पण फाईली हातानं टाकल्या तरी चालतं, तीनच लागतात. हिच्यात एसएमटीपी वापरता येतं, म्हणजे पत्र पेटीत टाकून निघून जायचं नाही, तर पोस्टाच्या खिडकीवर जाऊन ओळखपत्र दाखवून हातात द्यायचं. आणि डीबग चालू केलं की दोन सर्व्हरचं आपसातलं बोलणं ओळीओळीनं दिसतं, हा म्हणतो नमस्कार, तो म्हणतो २५०, हा पासवर्ड देतो, तो म्हणतो २३५ म्हणजे बरोबर किंवा ५३५ म्हणजे चूक. मला तो प्रकार फार आवडला. चार दिवस आंधळेपणानं चाचपडत होते, आता निदान कुठं अडलंय ते दिसायला लागलं. फक्त लाईव्ह करताना हे डीबग बंद करायचं, नाहीतर गिऱ्हाईकालाच सगळं वाचायला मिळतं.

मी आधी माझंच जीमेल लावलं. जुन्या व्हिडिओंमध्ये सांगतात की सेटिंगमध्ये जाऊन लेस सिक्युअर अ‍ॅप चालू करा. ते सेटिंग मला सापडेचना, कारण गुगलनं साध्या अकाउंटसाठी ते ३० मे २०२२ लाच बंद केलंय. आता टू स्टेप, म्हणजे दोन टप्प्यांचं लॉगिन, चालू करून १६ अक्षरांचा वेगळा अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. काढला. पोर्ट ५८७ लावला. तर आता नवीनच, सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, जुळत नाही. मी जोडतेय जीमेलच्या सर्व्हरला आणि समोरून सर्टिफिकेट येतंय आमच्याच होस्टिंगचं! मला वाटलं मला वेड लागलं. नंतर कळलं की बऱ्याच शेअर्ड होस्टिंगवर, एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट असतात तिथं, असं करून ठेवलेलं असतं, बाहेर जाणारं एसएमटीपी मध्येच पकडून स्वतःच्या सर्व्हरकडं वळवतात, स्पॅम रोखायला. म्हणजे मी निघाले मिरजेला आणि रिक्षावाल्यानं परस्पर सोडलं माधवनगरला. नेटवर उपाय सांगतात की सर्टिफिकेटची तपासणीच बंद करा, एक ओळ घातली की चालतं. चालतं म्हणजे काय, कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून ठेवायचं. पासवर्ड भलत्याच्याच हातात द्यायचा. ते मी केलं नाही, आणि ह्या सगळ्या प्रकरणात मी बरोबर केलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक आहे.

त्याऐवजी म्हटलं होस्टिंगचाच मेलसर्व्हर वापरू. त्याला लॉगिन करायला एक मेलबॉक्स लागतो. फ्रॉममध्ये कंपनीचा इन्फो हा पत्ता दिसायला हवा होता, म्हणून सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या सेटिंगच्या पानावर, जाऊन मी इन्फो नावाचाच मेलबॉक्स तयार केला, पासवर्ड ठेवला, स्क्रिप्टमध्ये घातला. दोन मिनिटांत. त्याच दोन मिनिटांत मी पुढच्या नऊ दिवसांची माती केली होती, पण ते तेव्हा कुठं माहीत.

स्पॅमचं उरलेलं कारण डीएनएसमध्ये होतं, म्हणजे डोमेनची वेबसाईट कुठं, मेल कुठं, हे जगाला सांगणाऱ्या नोंदवहीत. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडं निदान एसपीएफ नाहीतर डीकिम असावंच लागतं, दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्क. आमचे मेल दिवसाला दहा, पण पहिला नियम आम्हालाही लागू. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या डीएनएसमध्ये एक ओळ, आमच्या नावानं अमुक सर्व्हरच मेल पाठवू शकतात. डीकिम म्हणजे सही, सर्व्हर मेलवर सही करतो आणि ती तपासायची किल्ली डीएनएसमध्ये सगळ्यांसाठी ठेवलेली असते. सीपॅनेल दोन्ही ओळी तयार करून देतं. आमचं डीएनएस होस्टिंगकडं नव्हतंच, जिथून डोमेन घेतलं तिथं होतं, म्हणून तिकडं जाऊन हातानं चिकटवल्या. आणि तपासलं तर एसपीएफ नापास! आधी आमच्या सर्व्हरची ओळ नव्हती तेव्हा नुसतं नाही म्हणत होतं, आता घातल्यावर एरर. कारण तिथं आधीच एक एसपीएफची ओळ होती, मामांच्या पार्टनरनं कंपनीचे मेल गुगल वर्कस्पेसवर घेतले होते त्या वेळची. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच चालते, दोन झाल्या की दोन्ही बाद. मग दोन्हीचं मिळून एक केलं, गुगल पण आणि आमचा सर्व्हर पण. झालं हिरवं.

तेवढ्यात मराठीनं अंग दाखवलं. मी इंग्रजीत टेस्ट करत होते, पहिल्यांदा मामांचं नाव मराठीत टाकलं तर मेलमध्ये मुंग्या, फ्रेंच अक्षरांवर टोप्या घातलेल्या आणि मध्ये चौकोन. पीएचपीमेलर ठरलेलं म्हणून जुना लॅटिन अक्षरसंच धरतं, त्याला यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्या मावणारा संच) आहे म्हणून सांगावं लागतं, एक ओळ. ती सांगितली की विषय पण तो आपोआप नीट बांधून पाठवतो. साध्या मेल फंक्शनमध्ये विषयाचं ते बांधकाम स्वतः करावं लागतं.

आता माझ्या जीमेलवर मेल टकाटक येत होते. इनबॉक्समध्ये, मराठीत, सही बरोबर. स्क्रिप्टमध्ये घेणाऱ्याचा पत्ता माझा काढून कंपनीचा इन्फो घातला, एकदा फॉर्म भरला, हिरवी पट्टी आली, मामांना फोन केला, झालं म्हणून. मामा नेमके कुणाच्या तरी लग्नात होते. "बरं बरं, बगतो नंतर," म्हणाले. आणि मी पण पुढच्या कामाला लागले, लग्नसराईच्या पत्रिका होत्या.

नऊ दिवस एकही मेल नाही. आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही! मी एकदा विचारलं तर मामा म्हणाले, "आगं आपली मानसं फोनच करनार. फॉर्म कोन भरतंय?" मला पण ते पटलं. थोडं वाईट वाटलं एवढं मरमर करून, पण पटलं. दहाव्या दिवशी मणेराजुरीचा एक माणूस टेम्पोत माल भरून दारात उभा. मामा म्हणाले जागा नाही, आधी सांगायचं. तो म्हणाला, "सांगितलंय की. फॉर्म भरलाय. त्यात आधी दोन दिवस माझा नंबरच घेईना, चुकीचा हाय म्हनायचं, मग पोरानं भरून दिला."

मामांनी त्याच्यासमोरच मला फोन लावला.

मी सीपॅनेलमध्ये मेल कुठं गेला ते दाखवणारं पान उघडलं, डिलिव्हरी ट्रॅक करायचं. तिथं प्रत्येक मेलसमोर हिरवी खूण. यशस्वी. पोचला. घेणारा कोण, तर इन्फो. मार्ग कुठला, तर लोकल. तो शब्द मी दोनतीनदा वाचला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डोमेनचे मेल गुगलकडं जातात हे जगाला माहीत आहे, कारण डीएनएसमध्ये तसं लिहिलंय. पण होस्टिंगच्या सर्व्हरला ते माहीत नव्हतं, त्याच्या मते ह्या डोमेनचं पोस्ट ऑफिस तोच. मग इन्फोला मेल आला की तो बाहेर पाठवायचाच नाही, आपल्याच घरात इन्फो नावाची पेटी शोधायचा. तशी पेटी नसती तर निदान असा माणूस इथं राहत नाही म्हणून मेल परत तरी आला असता आणि मला कळलं असतं. पण पेटी होती. मीच बनवलेली. लॉगिनसाठी.

वेबमेलमधून ती उघडली. २३ फॉर्म. सोनी, भोसे, सावळज, कवठेमहांकाळ, पलूस, एक जतचा. सगळे ओळीनं, वेळेसकट, अगदी जसे हवे होते तसे.

दुरुस्ती म्हणाल तर एक रेडिओ बटण. सीपॅनेलमध्ये ईमेल राऊटिंग म्हणून पान आहे, तिथं लोकल होतं ते रिमोट केलं, संपलं. लगेच मेल गुगलच्या इनबॉक्समध्ये. लॉगिनचा मेलबॉक्स पण बदलला, वेगळ्या नावाचा केला, फ्रॉममध्ये तेच नाव, म्हणजे परत हा घोळ नको. आणि आता प्रत्येक फॉर्म मेल करायच्या आधी सर्व्हरवरच एका फाईलमध्ये लिहून ठेवते, वेबसाईटच्या फोल्डरच्या बाहेर, म्हणजे ब्राउझरमधून कुणी उघडू शकणार नाही. मेल मेला तरी नोंद राहते. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

त्या माणसाचा नंबर का घेत नव्हता ते पण सापडलं, आणि ते बघून मला स्वतःचीच लाज वाटली. मोबाईलच्या खोक्याला मी तपासणी लावली होती, दहा आकडे पाहिजेत. आकडे म्हणजे इंग्रजी आकडे. त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड, त्यांनी नंबर मराठी आकड्यांत टाकला, दहाच्या दहा बरोबर, आणि माझा मराठी फॉर्म त्यांना सांगणार तुमचा नंबर चुकीचा आहे. आता तपासायच्या आधी मराठी आकडे इंग्रजीत बदलून घेते, एका ओळीचं काम.

बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्रॅम, पण यायला लागले नंतर, औषधं विकणारे आणि रशियन भाषेतलं काहीतरी. फॉर्ममध्ये एक खोटा खोका ठेवला, माणसाला न दिसणारा, तो भरलेला आला की मेल जात नाही. मेल पाठवल्यावर पान दुसरीकडं वळवते, नाहीतर कुणी रिफ्रेश केलं की तोच फॉर्म परत येतो, एका माणसाचे ३०० पेट्यांचे चार फॉर्म आले होते आणि मामा खूश झाले होते.

ते २३ फॉर्म सापडले त्या संध्याकाळी मी कोल्डवर जाऊन बसले. २३ नावांची यादी वेळेप्रमाणं प्रिंट करून नेली होती, मामा एकेकाला फोन लावत होते आणि मी खुणा करत होते. सहा जणांनी माल दुसरीकडं लावला होता. दोघांचा अजून शेडवरच होता. मणेराजुरीच्या माणसाच्या पेट्या कशातरी बसवल्या, यादीत त्याचा नंबर तिसरा होता. जतच्या माणसाशी मामा बराच वेळ बोलले, मग फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"त्यो म्हनतोय, मी वाट बगत बसलोवतो. त्यात लिवलंवतं की, आभारी आहोत, लवकरच संपर्क करू."

ते वाक्य मीच लिहिलेलं, हिरव्या पट्टीत, एका तयार टेम्प्लेटमधून उचलून. मी म्हटलं मामा, त्याच्याखाली आता तुमचा फोन नंबर घालते, संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तर इथं करा म्हणून.

"घाल," मामा म्हणाले, आणि पुढचा नंबर दाबत दाबत, "आन् ते लवकरच काढ आधी."